बारवांच्या वेबसाइटचा जमाखर्च

"मॅडम, आम्हालाही आमच्या गावाची वेबसाइट करायची आहे. किती खर्च येतो?" परभणी-जालना भागातल्या बारवांची, म्हणजे पायऱ्या असलेल्या जुन्या दगडी विहिरींची, माहिती मी साइटवर टाकू लागले तेव्हापासून असे फोन अधूनमधून येतात. विचारणारा कधी नुकताच नोकरीला लागलेला शिक्षक असतो, कधी निवृत्त तलाठी, कधी गडकोट फिरणारा मुलगा. मी खरा आकडा सांगते. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याचे वर्षाला हजार-बाराशे. होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, तिचे तीन ते पाच हजार. वर १८ टक्के जीएसटी. समोरून उत्तर येतं, "एवढंच?" आणि फोन ठेवल्यावर मला वाटत राहतं की या माणसाला आपण अर्धवट सांगितलं. एवढंच नसतं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते आहे.

पैशांचं आधी सांगते, कारण तो भाग सोपा आहे. जाहिरातीत दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर. दुसऱ्या किंवा चौथ्या वर्षी नूतनीकरणाचं बिल येतं तेव्हा आकडा दुप्पट-तिप्पट झालेला असतो, आणि तोवर आपली दीडशे पानं आणि हजारभर फोटो तिथेच असतात, त्यामुळे हलणं जिवावर येतं. नावाचे दरही वाढतच असतात. डॉट-कॉम नावांची नोंदवही अमेरिकेतली व्हेरिसाइन कंपनी सांभाळते. तिचा घाऊक दर २०२१च्या ऑगस्टपर्यंत ७.८५ डॉलर होता, तो टप्प्याटप्प्यानं वाढत २०२४च्या सप्टेंबरमध्ये १०.२६ डॉलर झाला. बिल डॉलरमध्ये असेल तर रुपयाची घसरण आपल्याच खिशातून जाते, शिवाय कार्डवाली बँक परकीय चलनाचं शुल्क लावते ते वेगळं.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा कार्डांवरच्या आपोआप होणाऱ्या वसुलीचा नियम लागू झाला. आधी ओटीपी देऊन परवानगी द्यायची, पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना मिळायची, आणि ५,००० रुपयांवरच्या प्रत्येक व्यवहाराला पुन्हा ओटीपी. ही मर्यादा पुढे २०२२ मध्ये १५,००० झाली. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे आणि मला तो पटतो. पण मी ज्या परदेशी विक्रेत्याकडून नाव घेतलं होतं त्यानं त्यासाठी काही व्यवस्थाच केली नव्हती. 'ऑटो रिन्यू' सुरू असूनही दिवाळीच्या तोंडावर पैसे गेले नाहीत, आणि साइटच्या जागी त्या विक्रेत्याचं जाहिरातीचं पान दिसू लागलं. मी हातानं पैसे भरले, साइट परत आली आणि पुढे नाव यूपीआय घेणाऱ्या भारतीय विक्रेत्याकडे हलवलं. हलवण्याचीही रीत आहे. जुन्याकडून कुलूप काढून घ्यायचं, सांकेतिक शब्द मागून घ्यायचा आणि वाट बघायची. माझ्या सहामाहीच्या पेपर तपासणीच्या दिवसांत हे सगळं चाललं होतं.

मुदत संपली तर काय होतं, हे प्रत्येक साइटवाल्यानं पाठ करावं. डॉट-कॉमसारख्या नावाची मुदत उलटली की विक्रेत्याकडे जास्तीत जास्त ४५ दिवस असतात. मग ३० दिवसांचा काळ येतो. त्यात नाव परत मिळतं, पण नेहमीच्या दराच्या कितीतरी पट पैसे भरून. पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर नाव जगाला खुलं. चांगल्या जुन्या नावावर टपून बसलेले लोक असतात, कारण त्या नावाला इतर साइटींवरून जोडलेले दुवे त्यांना फुकट मिळतात. ओळखीच्या एका सांस्कृतिक मंडळाचं नाव असंच गेलं. आज त्या पत्त्यावर ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती आहेत, आणि गावच्या शाळेच्या स्मरणिकेत अजून तोच पत्ता छापलेला आहे.

मराठीत साइट करणाऱ्याला आणखी एक खर्च असतो, तो इंग्रजीवाल्याला कळणारही नाही. माझ्याकडे बारवांच्या जुन्या नोंदी होत्या, त्यातल्या कितीतरी एका ज्येष्ठ अभ्यासकांनी टाइप करून दिलेल्या, पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. साइटवर चिकटवलं की नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. रूपांतर करणारी साधनं आहेत, ती नव्वद टक्के काम करतात. उरलेल्या दहा टक्क्यांत रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक घर सरकते आणि 'पायऱ्या'मधला ऱ्य हमखास मोडतो. बारवांच्या साइटवर 'पायऱ्या' हा शब्द किती वेळा येत असेल याचा विचार करा. ते सगळं डोळ्यांनी वाचून दुरुस्त करावं लागलं. त्याला कुठलंही बिल नाही, पण एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली.

फॉन्टचंही तसंच. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. ती हलकी करायला अक्षरं गाळावीत तर कुठल्यातरी गावाचं नाव फुटतं. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. फॉन्टमध्ये ती रूपं असली पाहिजेत, आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. वाचता येतात, पण आमच्या वर्गातल्या मुलींनीसुद्धा विचारलं होतं, "बाई, हा ल असा का?" मला ते लागलं. आपल्या गावाबद्दलचं पान आपल्या अक्षरात दिसावं, एवढा हट्ट मी धरते. २०१४ मध्ये डॉट-भारत हे देवनागरी नाव मिळू लागलं तेव्हा तेही घ्यायचा विचार केला होता. पण तो पत्ता कॉपी करून पाठवला की अनेक ठिकाणी मराठीऐवजी रोमन अक्षरांची एक निरर्थक लांबलचक ओळ जाते, आणि लोक ती उघडायला घाबरतात. रोमन नावच ठेवलं.

आता फोटो. इथे मला थांबून लिहायचं आहे, कारण सगळ्यात मोठा खर्च इथे आहे आणि तो पैशात मोजता येत नाही.

फोनमधल्या प्रत्येक फोटोच्या पोटात, ती सोय बंद केलेली नसेल तर, तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश असतात. आपल्याला दिसत नाहीत, पण फाइल उतरवून घेणाऱ्याला दोन क्लिकमध्ये वाचता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती गळून पडते. पण फोटो स्पष्ट यावा म्हणून मी सगळ्यांना सांगते की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी येते. भूगोलाची शिक्षिका म्हणून मला प्रत्येक बारव नकाशावर ठिपक्यानं दाखवायची होती. तेव्हाच एका शेतकरी काकांनी मला त्यांच्या बांधाजवळची बारव दाखवायला नेलं. ती तोवर माझ्याच काय, कुणाच्याच साइटवर नव्हती. आतल्या देवकोष्ठाखालची, म्हणजे मूर्तीसाठीच्या कोनाड्याखालची, फरशी रात्रीतून उखडलेली होती आणि खाली गुडघाभर खड्डा होता. गुप्तधन. आमच्या भागात जुनं बांधकाम दिसलं की खाली हंडा असणार अशी समजूत अजून आहे, आणि तिच्यापायी अमावास्येला पहार घेऊन येणारे लोकही आहेत. काका म्हणाले, "बाई, तुम्ही लिवा, पण रस्ता नका सांगू."

त्या दिवसापासून नियम केला. वालूर, चारठाणा, पिंगळी अशा गावांतल्या बारवा सगळ्यांना ठाऊक आहेत, तिथे माणसांची ये-जा आहे, त्यांचा रस्ता मी देते. लोकांनी जाऊन पाहावं असंच मला वाटतं. वालूरच्या गोल बारवेत वळत वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्या एकदा पाहिल्या की माणूस दुसऱ्यांदा जातोच, आणि ती बारव गावकऱ्यांनी स्वतः गाळ उपसून मोकळी केली आहे. पण रानातली, शेतातली, कुणाची राखण नसलेली बारव असेल तर फक्त तालुका. राज्याच्या संरक्षित यादीत नसलेल्या वास्तूला राखणदार नसतो, तिच्यासाठी आपणच जपून लिहायचं.

हा नियम पाळायला फार वेळ लागतो. प्रत्येक फोटोतली जागेची माहिती पुसायची. मागे गावाची पाटी, मोबाइलचा टॉवर, ओळखू येईल असा डोंगर दिसतो का, ते पाहायचं. कोनाड्यात मूर्ती असेल तर तिचा जवळून घेतलेला फोटो लावायचा की नाही, ते ठरवायचं. कित्येक बारवांवर आजही बायका धुणं धुतात. त्यांच्या चेहऱ्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय लावत नाही, आणि विचारायला पुन्हा त्या गावी जावं लागतं. एका बारवेचं पान वाचायला वाचकाला चार मिनिटं लागत असतील. त्यात किती प्रवेशमार्ग, म्हणजे ती नंदा, भद्रा, जया की विजया, किती टप्पे, दगड कुठला, पाणी आहे की नाही, एवढंच असतं. पण जे लावलं नाही ते ठरवण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी जातात.

नकाशाचा प्रश्न तरीही होताच. सुरुवातीला एका मोठ्या कंपनीचा फुकट नकाशा पानात बसवला होता. पुढे त्यांनी नियम बदलला, कार्ड जोडून खातं उघडल्याशिवाय नकाशा नीट दिसेना, आणि किती लोकांनी पाहिला त्यावर बिल. कधी किती बिल येईल याचा अंदाज नसलेली गोष्ट मला घरातही चालत नाही. मग ओपनस्ट्रीटमॅपकडे वळले. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे, त्यामुळे ज्या तालुक्यात भरणारं कुणी नाही तिथे तो रिकामा असतो. आमचा तालुका जवळजवळ कोरा होता. ओढे, पांदण रस्ते, वाड्या-वस्त्या मी आणि माझ्या अकरावीच्या मुलींनी भरल्या. हे काम मला फार आवडलं, आता त्या मुली स्वतःहून आपापली गावं भरतात.

यानंतर भाच्याबद्दल लिहायलाच हवं. साइट त्यानं करून दिली, पुण्यात नोकरी सांभाळून. तेव्हा ती वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर होती. वर्डप्रेस फुकट, थीम म्हणजे साइटचं रूप फुकट, प्लगइन म्हणजे जास्तीच्या सोयींचे जोड तेही फुकट. पण पीएचपी नावाच्या ज्या भाषेवर ते चालतं तिच्या आवृत्त्या ठरावीक काळानं निवृत्त होतात. ७.४ ही आवृत्ती २०२२च्या नोव्हेंबरमध्ये संपली. होस्टिंगवाल्यानं नवी आवृत्ती लावली आणि फोटोंची सरकपट्टी दाखवणारं प्लगइन बंद पडलं, कारण ते लिहिणाऱ्यानं ते केव्हाच सोडून दिलं होतं. प्रतिक्रियांच्या रकान्यात रोज औषधांच्या आणि कर्जाच्या जाहिराती पडायच्या, त्या अडवायला आणखी एक प्लगइन. हे सगळं निस्तरायचा कोण, तर भाचा. त्याच्या बायकोनं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पण मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना रविवारी सकाळी तो लॅपटॉप उघडून माझं काम करत बसला होता आणि त्याची मुलगी चपला घालून दारात उभी होती, बागेत जायला. घरातल्या माणसाचा वेळ हा अशा साइटींचा सगळ्यात मोठा खर्च आहे आणि तो कुणीही मांडत नाही. तुमच्या ओळखीत 'कॉम्प्युटरचं कळणारा' कुणी असेल तर साइट सुरू करण्याआधी त्याला स्पष्ट विचारा: पुढची दहा वर्षं?

मी त्याला सांगितलं, मला एवढं शिकव की तुझी गरज लागणार नाही. एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, पन्नाशीत शिकता येते. आता साइटची सगळी पानं साध्या फाइली आहेत. ना डेटाबेस, ना प्लगइन, ना प्रतिक्रियांचा रकाना. ज्याला काही सांगायचं आहे तो ईमेल करतो. दिसायला साधी आहे, पण बिघडण्यासारखं तिच्यात फारसं काही उरलेलं नाही.

पत्त्याशेजारचं कुलूप, म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, तेही फुकट मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमानं २०१५च्या अखेरीस ते सर्वांना खुलं केलं, आणि माझ्यासारख्या किती लहान साइटी त्यामुळे टिकल्या असतील. मात्र ते ९० दिवसांचं असतं, आणि अशी सगळीच प्रमाणपत्रं २०२९ पर्यंत जास्तीत जास्त ४७ दिवसांवर येणार असं आता ठरलं आहे. मुदत संपत आल्याची ईमेल ते पूर्वी पाठवायचे, ती २०२५च्या जूनपासून बंद झाली. होस्टिंगवाला आपोआप नवं लावतो की नाही, हे विचारूनच होस्टिंग घ्या.

अलीकडचा खर्च बॉटांचा, म्हणजे आपोआप साइटी चाळणाऱ्या प्रोग्रॅमांचा आहे. गेल्या काही काळात होस्टिंगच्या आलेखावर भेटी एकदम वाढल्या. आनंद झाला, पण ईमेल मात्र पूर्वीइतकेच येत होते. नोंदी उघडून पाहिल्या तर पानामागून पान, फोटोमागून फोटो उतरवून नेणारी यंत्रं. कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं शिकवायला आज सगळं जाल असं उपसलं जातं आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानं २०२५च्या एप्रिलमध्ये सांगितलं की जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडून चित्रं-ध्वनिचित्रं उतरवण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला, आणि त्यांच्या सर्वांत महागड्या रहदारीपैकी ६५ टक्के बॉटांची असते. त्यांची ही गत, तर महिना ठरावीक मर्यादेचं होस्टिंग घेणाऱ्याचं काय? मला 'मर्यादा ओलांडली, वरचा प्लॅन घ्या' असं पत्र आलं. रोबॉट्स फाइलमध्ये 'येऊ नका' असं लिहिता येतं. १९९४ पासूनची ती पद्धत आहे, पण ती विनंती आहे, न मानणाऱ्याला ती अडवत नाही. मी मोठे फोटो काढून टाकले, पानावर छोटे ठेवले, मूळ प्रती घरी हार्डडिस्कवर. ज्यांना अभ्यासाला मोठा फोटो हवा आहे त्यांनी मागितला की पाठवते. याचा एक फायदा झाला. वाडीवरच्या अर्ध्या नेटवर्कमध्येही पान आता पटकन उघडतं.

एक खर्च मात्र मी आनंदानं करते. फोन येतात, "आमच्या बारवेबद्दल लिहिलंय ते बरोबर नाही." एका आजोबांनी सांगितलं की बारवेची पूर्वेकडची भिंत यादवकाळातली नाहीच, ती १९७२च्या दुष्काळात गाळ काढताना ढासळली आणि दुष्काळी कामावरच्या मजुरांनी पुन्हा रचली, रचणाऱ्यांत ते स्वतः होते. दगड कुठून आणला, रोज काय मिळायचा, सगळं त्यांनी सांगितलं. असा फोन आला की मी त्या गावी जाते, आणखी दोघांना विचारते, मग पान बदलते. कधी दोन भाऊबंदांत जमिनीचा वाद असतो आणि बारव कुणाच्या गटात हे माझ्या पानावरून ठरवायचा प्रयत्न होतो. तिथे मी काहीच लिहीत नाही. पण त्या आजोबांसारखी माणसं हयात असेपर्यंतच हे मिळणार आहे, म्हणून एसटीचं भाडं मला कधीच खर्च वाटलं नाही.

राहता राहिलं शेवटचं. माझ्यानंतर काय? प्यू संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये पाहिलं तेव्हा २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांत नाहीशी झालेली होती. नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, म्हणून मी पूर्ण दहा वर्षांचे पैसे भरले आहेत. एकाच जागी ठेवलेला बॅकअप धरायचा नाही. २०२१च्या १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा साइट आणि तिचा बॅकअप दोन्ही त्याच आवारात ठेवलेल्यांचं सगळंच गेलं. माझी एक प्रत घरी आहे, एक मुलीकडे, एक भाच्याकडे. पासवर्ड आणि विक्रेत्याचं नाव कागदावर लिहून मुलीकडे दिलं आहे, कारण माझं यूपीआय माझ्याबरोबर बंद होणार. वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर प्रत्येक पान मी स्वतः नोंदवते.

तरी तीन प्रती आणि तिन्ही एकाच नात्यात, हे मला पुरेसं वाटत नाही. सगळी पानं आणि छोटे फोटो मिळून एका साध्या पेनड्राइव्हवर मावतात, आणि इंटरनेट नसतानाही कुठल्याही संगणकावर उघडतात. परभणी, जालना, हिंगोली, नांदेड, बीड इथलं एखादं सार्वजनिक वाचनालय, महाविद्यालयाचा इतिहास किंवा भूगोल विभाग, किंवा बारवेच्या गावातली शाळा यांना एक प्रत ठेवायची असेल तर ईमेल करा. पेनड्राइव्ह मी माझ्या खर्चानं पाठवेन. वर्षातून एकदा, साधारण मे महिन्यात, नवी पानं घातलेली प्रत पुन्हा पाठवेन. तुम्ही फक्त ती उघडते आहे ना एवढं पाहायचं, आणि कुणी मागितली तर दाखवायची.